काळा पट्टा आणि रेवडीची कुस्ती

मे महिना संपत आला की वर्तमानपत्राच्या शहर पुरवणीत एक फोटो हमखास येतो. पांढऱ्या ड्रेसमधली आठ-दहा मुलं, मुठी पुढे काढलेल्या, मधोमध सर आणि खाली ओळ : अमुक विद्यालयाच्या इयत्ता तिसरीतील विद्यार्थिनीला कराटेत ब्लॅक बेल्ट. वय जितकं कमी तितका फोटो मोठा. दोन दिवसांत सोसायटीच्या गेटवर फ्लेक्स लागतो, त्यात मुलीपेक्षा नगरसेवकच मोठा दिसतो. फॅमिली ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडतो. या आनंदावर विरजण घालायची हौस कोणाला नसते, मलाही नाही. तरी माझं मत ठाम आहे : हा पट्टा त्या वयात देऊ नये. निदान पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत तरी नाही. मग ते कराटे असो, तायक्वांदो असो की ज्युदो.

या मताच्या बाजूने जे मुद्दे नेहमी ऐकू येतात ते मात्र मला पटत नाहीत, तेव्हा आधी त्यांचा निकाल लावतो.

पहिला मुद्दा परंपरेचा. ‘तिकडे जपानात एका काळ्या पट्ट्यासाठी आयुष्य घालवतात, आणि आपल्याकडे तीन वर्षांत वाटतात.’ ऐकायला भारदस्त वाटतं, पण इतिहास असा नाही. ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही आपली शाळा सुरू केली आणि पुढच्याच वर्षी तोमिता त्सुनेजिरो आणि साइगो शिरो या दोन शिष्यांना पहिली डॅन (म्हणजे आज जिच्यासोबत काळा पट्टा मिळतो ती श्रेणी) दिली. दोघांची वयं सतरा-अठराच्या आसपास. खुद्द कानोंनी तेव्हा पंचविशीही गाठली नव्हती. काळा पट्टा कमरेला आला तो त्यानंतर दोन-तीन वर्षांनी. कराटेत तर आणखी घाई झाली. फुनाकोशी गिचिन ओकिनावाहून तोक्योला आले १९२२ मध्ये, आणि एप्रिल १९२४ मध्ये त्यांनी आपल्या पहिल्या डॅन देऊनही टाकल्या. म्हणजे त्यांच्या हाताखाली त्या शिष्यांची दोन वर्षंसुद्धा पुरी झाली नव्हती. पिवळा, नारंगी, हिरवा, निळा अशी जी रंगांची शिडी आपण प्राचीन समजतो, ती १९३० च्या दशकात युरोपात रूढ झाली. कावाइशी मिकिनोसुके फ्रान्समध्ये ज्युदो शिकवत होते, आणि दर काही महिन्यांनी हाती काहीतरी लागल्याशिवाय विद्यार्थी टिकत नाहीत हे त्यांनी ओळखलं असं सांगतात. आजच्या जपानातही पहिली डॅन म्हणजे शिक्षण संपलं असं कोणी मानत नाही, आणि कराटेच्या अनेक संस्थांत तिथली प्राथमिक शाळेतली मुलंसुद्धा ती मिळवतात. डोंगरावर बसलेला पांढऱ्या दाढीचा गुरू आणि दहा वर्षांची तपश्चर्या ही सिनेमाची देणगी. तिच्या जोरावर नाशिक-सोलापुरातल्या एखाद्या सरांना झोडपण्यात अर्थ नाही.

दुसरा मुद्दा असा की, लहान मुलांना एवढं येणं शक्यच नाही. तेही खरं नाही. अकरा वर्षांची मुलगी मन लावून काता (एकट्याने करायचा ठरलेल्या चालींचा क्रम) करत असेल तर बघत राहावं. कंबर वळते तेव्हाच ठोसा सुटतो, पाय जिथे पडायचा तिथेच पडतो, नजर आधी फिरते आणि मग मान. चाळिशीत क्लास लावलेला आयटीवाला तिच्या शेजारी उभा केला तर त्याचीच कीव येईल. लहानपणी शरीर लवचिक असतं, पाठांतर पक्कं असतं, आणि ‘मला हे कशाला’ असा प्रश्न डोक्यात शिरलेला नसतो. कौशल्यावरच पट्टा ठरणार असेल तर तिला नाकारायला माझ्याकडे कारण नाही.

मग अडतं कुठे? ते समजण्यासाठी जरा पटाकडे वळू या.

डॅनची पद्धत लढाईच्या आखाड्यात जन्मली नाही. ती ‘गो’ या पटावरच्या खेळातली. सतराव्या शतकात होनिनबो दोसाकु या खेळाडूने गोमध्ये ती बसवली, आणि कानोंनी ती तिथून उचलली असं मानलं जातं. आता त्या गोमध्ये काय होतं ते पाहा. नाकामुरा सुमिरे ही जपानी मुलगी २०१९ मध्ये दहाव्या वर्षी व्यावसायिक पहिली डॅन झाली. गुणी मुलांसाठीच्या खास निवडीतून तिला घेतलं होतं, त्यामुळे कुजबुजही झाली. पण २०२३ मध्ये, चौदावं वर्ष पुरं व्हायच्या आत, तिने मोठ्यांना हरवून महिलांचा एक मानाचा किताब जिंकला आणि कुजबुज संपली. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे बुद्धिबळ. डी. गुकेश २०१९ मध्ये साडेबारा वर्षांचा असताना ग्रँडमास्टर झाला, तेव्हा ‘एवढ्या लहान पोराला कसला किताब देता’ असं म्हणणारा एकही माणूस मला भेटला नाही. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये एकोणिसाव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली तेव्हा उलट काही जाणकार म्हणाले, थोडा उशीरच झाला. बुद्धिबळात वयाचा प्रश्नच येत नाही, कारण पट तोच, सोंगट्या त्याच, घड्याळ तेच. बारा वर्षांचा मुलगा चाळीस वर्षांच्या माणसासमोर बसतो आणि त्याला हरवतो. तीन नॉर्म (म्हणजे तगड्या स्पर्धांतली ठरावीक कामगिरी) आणि २५०० रेटिंग हा नेहमीचा उंबरठा लहान-मोठ्यांना सारखाच उंच. मुलाने जे मिळवलं ते मोठ्यांच्यातच मिळवलं, आणि त्यात त्याच्या अंगाला धक्का लागला नाही.

कराटेचं तसं नाही. समोरच्याला स्वतः पडायचं नसतं. त्याला वजन आहे, पोहोच आहे, राग आहे. आपलं तंत्र अशा विरोध करणाऱ्या शरीरावर चालतं का, हा या विद्येतला मुख्य प्रश्न. बाकी सगळं, म्हणजे किहोन (ठोसे-लाथांची मुळाक्षरं), काता, श्वास, शिस्त, त्या प्रश्नाची तयारी. नऊ वर्षांचं मूल साधारण पंचवीस-तीस किलोचं असतं. त्याला सत्तर किलोच्या माणसापुढे उभं करून ‘दाखव’ म्हणणं म्हणजे क्रौर्य, आणि कोणताही शहाणा सर ते करणार नाही. मग परीक्षेत काय होतं? त्याच्याच वयाचा, त्याच्याच उंचीचा दुसरा मुलगा समोर येतो. तोंडाला स्पर्श करायचा नाही, जोर लावायचा नाही. नियम अगदी योग्य आहे; आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही चौदा वर्षांखालच्या मुलांच्या डोक्याला-तोंडाला संपर्क चालत नाही, आणि चालू नयेच. पण याचा अर्थ हाही होतो की त्या मुलापुढे मुख्य प्रश्न आलाच नाही. पेपरातून सर्वांत अवघड प्रश्न काढून टाकायचा, उरलेल्यावर शंभरपैकी शंभर द्यायचे आणि प्रमाणपत्रावर मात्र सगळा पेपर सोडवल्याचं छापायचं, असा हा प्रकार.

म्हणजे दोनच वाटा उरतात. मोठ्यांची कसोटी मुलाला लावायची, तर मुलाचे हाल. ती सौम्य करायची, तर मग पट्टा तो राहत नाही. माझा सगळा आक्षेप एवढ्यात मावतो. मुलं कमी पडतात असं मी म्हणत नाही. ही कसोटीच त्यांच्यावर लावण्यासारखी नाही, म्हणून तिच्यावर उभा असलेला पट्टाही त्यांना बांधू नये.

गेल्या वर्षी नात्यातल्या एका मुलाच्या ग्रेडिंगला गेलो होतो. शाळेचा हॉल, एका बाजूला लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, पाण्याच्या बाटल्या, नावांची यादी आणि बाहेरगावहून आलेले परीक्षक. मुलं रांगेत, वज्रासनात. जमिनीवरून सतरंज्या काढल्या होत्या, त्यामुळे गुडघ्यांना फरशी टोचत होती, पण कोणी हललं नाही. काता झाले, ते खरंच छान झाले. मग कुमिते, म्हणजे प्रत्यक्ष लढत. लाल ग्लोव्ह्ज, निळे ग्लोव्ह्ज, दोन सारख्या चणीची पोरं. एकाने लाथ उचलली की दुसरा दोन पावलं मागे, दुसऱ्याने ठोसा टाकला की पहिला दोन पावलं मागे, आणि सर बाजूने ओरडतायत, ‘कंट्रोल, कंट्रोल!’ दीड-दोन मिनिटांत संपलं. दोघंही पास. नंतर काळे पट्टे बांधले गेले तेव्हा प्रत्येकाची दोन्ही टोकं गुडघ्याखाली लोंबत होती, कारण एवढ्या बारीक कमरेचा पट्टा त्या खोक्यात नव्हता. सर वाईट होते असं मुळीच नाही. त्यांनी त्या मुलांना जे शिकवलं ते मनापासून शिकवलं होतं, आणि मारामारी तेवढीच होऊ दिली हेही त्यांचं बरोबरच होतं. प्रश्न होता त्या लोंबणाऱ्या टोकांचा.

जगात हा पेच सगळ्यांनाच पडला आहे, आणि कोणी त्यातून वाट कशी काढली हे पाहण्यासारखं आहे. सोलमधलं कुक्किवोन ही तायक्वांदोची १९७२ पासूनची मुख्य संस्था. पंधरा वर्षांखालच्या मुलाला ती डॅन देतच नाही, ‘पूम’ देते. पट्टा अर्धा लाल, अर्धा काळा. पंधरा झाली की तो पूम डॅनमध्ये बदलून घेता येतो. कोदोकानमध्ये पहिल्या डॅनसाठी किमान चौदा वर्षं लागतात. केन्दोत, म्हणजे जपानी तलवारबाजीत, तिथल्या महासंघाची अट तेरा वर्षांची, पण तिथे गंमत अशी की कोणाची डॅन किती हे अंगावर दिसतच नाही. पट्टा नाही, रंग नाही, सगळ्यांचा पेहराव सारखाच. आणि वरच्या टोकाला आठव्या डॅनच्या परीक्षेला बसायला वय किमान ४६ लागतं, पास होणारे शंभरात जेमतेम एक. ब्राझिलियन जिउ-जित्सू सगळ्यांत कडक. त्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघात सोळा वर्षांपर्यंत मुलांचे पट्टेच निराळे : पांढरा, राखाडी, पिवळा, नारंगी, हिरवा. निळ्यापासून पुढचे मोठ्यांचे रंग त्यानंतर. काळ्यासाठी किमान १९ वर्षं.

यात एक कल दिसतो. ज्या प्रकारांत रोजच्या सरावात समोरच्याला खरोखर खाली पाडावं लागतं, दाबून धरावं लागतं, तिथे वयाची अट कडक. जिथे परीक्षा मुख्यतः आकृतिबंधांवर चालते, तिथे ती सैल. जिउ-जित्सूवाले काही जास्त नीतिमान आहेत म्हणून असं होत नाही. रोज गादीवर कोण कोणाला दाबतं हे सगळ्यांसमोर घडत असतं, त्यामुळे बारा वर्षांच्या मुलाला काळा पट्टा बांधला तर दुसऱ्या दिवशीच सगळ्यांची पंचाईत होईल. कराटेच्या क्लासमध्ये ती होत नाही, इतकाच फरक. गंमत म्हणजे कराटेच्या जागतिक महासंघालाही हे कळतं. तिथे मोठ्यांच्या गटात कातासाठी सोळाव्या वर्षी उतरता येतं, कुमितेसाठी मात्र अठरा पुरी लागतात. म्हणजे काता येणं आणि लढता येणं या दोन गोष्टी वेगवेगळ्या वयात पिकतात हे त्यांच्या नियमांतच लिहिलेलं आहे. आपल्या गल्लीतल्या क्लासपर्यंत ते पोहोचलं नाही.

का पोहोचलं नाही, याचं अर्धं उत्तर पैशात आहे आणि अर्धं दहावीत.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात नवीन काही नाही. क्लासची सगळी मदार सहा ते तेरा वयाच्या मुलांवर. हॉलचं भाडं, वर संलग्न असलेल्या संस्थेची वर्गणी, स्पर्धांचा खर्च, आणि यातून सरांचं घर चालायचं. रंगीत पट्ट्यांच्या परीक्षेला काही शे रुपये, काळ्याला काही हजार, सोनेरी अक्षरांचं प्रमाणपत्र, वर जपानी शिक्का. ऑलिंपिकमध्ये कराटे आलं ते एकदाच, तोक्योला, आणि पॅरिसला वगळलं गेलं. आपल्याकडे राष्ट्रीय संघटनेच्या मान्यतेचेच वाद इतके की कोणाचा पट्टा खरा हे सांगणारं एक घर नाही. तीन जण एकत्र आले आणि नावात ‘इंटरनॅशनल’ घातलं की झाली संस्था. एखादे सर म्हणाले, ‘आमच्याकडे सोळाशिवाय नाही,’ तर पुढच्या चौकातला क्लास ‘अडीच वर्षांत’ असा बोर्ड लावून मोकळा. पहिल्या सरांचा हॉल महिन्याभरात रिकामा होतो. त्यांना दोष देणं सोपं आहे, त्यांच्या जागी उभं राहणं सोपं नाही.

पण पैशापेक्षा दहावी मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. मराठी मध्यमवर्गीय घरात मुलाचं आयुष्य आठवीच्या जूनमध्ये दुभंगतं. त्याआधी तबला, चित्रकला, स्केटिंग, कराटे, ॲबॅकस, सगळं. त्यानंतर फक्त क्लास. त्यामुळे आठवीच्या आत जे काही ‘मिळवायचं’ ते मिळवून घ्यायचं असतं. ‘ब्लॅक बेल्ट उरकून घेतला की सोडवू,’ हे वाक्य मी पालकांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की त्यात काही विचित्र आहे हे आता जाणवेनासं झालंय. उरकून घेतला! लग्नकार्य, श्राद्ध आणि ब्लॅक बेल्ट. म्हणजे मूल तयार आहे का, हा हिशेबच नसतो. शाळेचं वेळापत्रक हा हिशेब असतो. बाराव्या वर्षी पट्टा मिळतो, फोटो निघतो, फ्रेम भिंतीवर लागते आणि पांढरा ड्रेस धाकट्या भावंडासाठी माळ्यावर जातो. ज्या वयात हाडं भरतात, उंची वाढते, राग आणि ताकद दोन्ही पहिल्यांदा खऱ्या अर्थाने अंगात येतात आणि ती आवरायला शिकण्याची गरज असते, नेमक्या त्याच वयात हे शिक्षण थांबतं. सरांनाही हे बघवत नाही. खाजगीत विचारा, बहुतेक सर सांगतील की चांगले विद्यार्थी त्यांनी सर्वांत जास्त गमावले ते काळा पट्टा दिल्यावर.

लगेच प्रश्न येतो : मग मुलांना काहीच द्यायचं नाही का? उत्साह कसा टिकणार? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर द्यायला जपानला जायची गरज नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा भागात जत्रेतला कुस्तीचा फड पाहिलेला कोणीही ते देईल. दुपार कलली की हलगी कडाडते आणि सगळ्यांत आधी लहान पोरांच्या कुस्त्या लागतात. पंच दोन पोरांना शेजारी उभं करून उंची-अंगलट बघतात, जोड लावतात. जिंकलेल्याला रेवड्या मिळतात, नाहीतर दहा-वीसची नोट. या रेवडीच्या कुस्त्या. (राजकारण्यांनी अलीकडे रेवडीची पार रया घालवली, पण फडात तिचा मान अजून आहे.) माती लागलेल्या अंगाने पोरगं गर्दीतून फिरतं, लोक त्याच्या पाठीवर थाप मारतात, कोणी खिशातून आणखी दहा रुपये काढून हातावर ठेवतं. त्या पोराला आपली किंमत कमी झाली असं वाटत नाही. संध्याकाळी शेवटची इनामाची कुस्ती कोणाची आहे हे त्याला ठाऊक असतं, आपण तिथे अजून पोहोचलेलो नाही हेही ठाऊक असतं, आणि तिथे पोहोचायची भूक त्याच संध्याकाळी लागते. महाराष्ट्र केसरीचा किताब १९६१ पासून दिला जातो, आणि मानाची गदा ही आज त्याची खूण. दहा वर्षांच्या कोणा पोराला ‘बाल महाराष्ट्र केसरी’ म्हणून छोटी गदा देऊन त्याचा फ्लेक्स लावला तर तालमीतला वस्ताद काय म्हणेल ते इथे छापता येणार नाही.

तेव्हा मुलांना भरपूर द्या. त्यांचे स्वतःचे पट्टे द्या, त्यांच्या स्वतःच्या रंगांचे, पट्ट्यावर पट्ट्या चढवा, पदकं द्या, दर तीन महिन्यांनी टाळ्या वाजवा. स्पर्धेतलं पदक त्या दिवशी, त्या गटात कोण पहिलं आलं हे सांगतं, आणि ते अगदी खरं असतं. नऊ वर्षांच्या मुलीने जिल्ह्यात सुवर्ण मिळवलं तर फ्लेक्स खुशाल लावा. अडचण फक्त त्या एका रंगाची आहे, कारण तो रंग बघणारा त्यातून एकच अर्थ काढतो : हिला लढता येतं.

हा अर्थ कोणाकोणाच्या डोक्यात जातो याचा विचार केला की मला खरी काळजी वाटते. बघ्यांच्या डोक्यात गेला तर फार बिघडत नाही. स्नेहसंमेलनात मुलाने कौलं फोडली, ट्यूबलाइट फोडली, आडव्या झोपलेल्या मुलांच्या पोटावरून मोटरसायकल गेली, पालकांनी श्वास रोखले, संपलं. (कौल जुनं आणि कोरडं असलं की फुटायला फारसं काही लागत नाही, आणि मोटरसायकलच्या प्रकारात तर शिकण्यासारखंही काही नाही, तो बंद झाला तर बरं.) पण तो अर्थ आई-वडिलांच्या डोक्यातही जातो. आणि मुलींच्या बाबतीत तो हमखास जातो.

मुलीला कराटेला का घातलं, विचारा. दहातल्या नऊ घरांत उत्तर येईल, ‘दिवस वाईट आहेत हो.’ आहेत. पण मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणीत वर्षानुवर्षं एकच गोष्ट दिसते : नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. काका, शेजारी, शिकवणीचे सर, रिक्षावाले दादा. तिथे जोदान गेरी, म्हणजे डोक्यापर्यंत उचललेली लाथ, उपयोगी पडत नाही. तिथे लागतं ते ओरडणं, पळणं, घरी येऊन सांगणं, आणि घरच्यांनी विश्वास ठेवणं. समग्र शिक्षा अभियानातून शाळांमध्ये मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण चालतं, तीन महिन्यांचं. त्यात पट्टा नाही, डॅन नाही. निसटायचं कसं, आवाज कसा काढायचा, मदत कोणाकडे मागायची, एवढं नीट शिकवलं गेलं तरी ते त्या वयाच्या मुलीच्या कामाचं असतं. काळा पट्टा तिला याच्या नेमकं उलट सांगतो : तू उभी राहा, तू बघून घेशील.

आणि समजा नको ते घडलं. त्यानंतर त्या मुलीला, तिच्या घरात, नात्यात, कदाचित पोलीस चौकीतही, कोणीतरी एक प्रश्न विचारणार. ‘अगं, तू तर ब्लॅक बेल्ट होतीस ना?’ दहा वर्षांच्या मुलीच्या कमरेला आपण बांधतो तो पट्टा या प्रश्नासकट बांधतो. मोठ्या माणसाशी झुंजणं ही तिची जबाबदारी नव्हतीच, पण आपण फोटो काढून, फ्लेक्स लावून, ती तिची असल्याचं जाहीर केलेलं असतं. मुलग्यांच्या बाबतीत याचीच दुसरी बाजू दिसते. सातवी-आठवीच्या वर्गात ‘ब्लॅक बेल्ट आहेस ना, ये मग’ असं म्हणणारा एखादा दांडगट असतोच. पट्टा नसता तर तो मुलगा खुशाल निघून गेला असता आणि कोणाला काही वाटलं नसतं. आता त्याला लढून मार खायचा किंवा पळून नाव घालवायचं, यातून निवडावं लागतं.

एक बाजू मला मान्य करावी लागते. काही मुलं अशी असतात ज्यांना शाळेत काही जमत नाही, अभ्यासात नाही, बोलण्यात नाही, आणि या एका हॉलमध्ये त्यांना पहिल्यांदा कोणीतरी शाबास म्हणतं. तोतरा बोलणारा मुलगा किआई (ठोशाबरोबरची आरोळी) करताना हॉल दणाणून सोडतो. त्या मुलासाठी हा पट्टा म्हणजे सगळं काही असतं, आणि ‘थांब, अजून चार वर्षं’ हे त्याला सांगणं जिवावर येतं. पण त्याला शाबासकी मिळाली ती सरांकडून आणि रोजच्या तासातून. पट्टा त्यानंतर आला. चार वर्षं तो हॉलमध्ये येत राहिला तर शाबासकीही चार वर्षं मिळत राहील. पट्टा देऊन घरी पाठवला तर ती तिथेच थांबते.

करायचं म्हटलं तर फार अवघड नाही. सरकारने कायदा करावा असं मी म्हणणार नाही. क्रीडा खात्यापुढे आधीच बोगस क्रीडा प्रमाणपत्रांचा ढीग आहे. एखाद्या शहरातल्या पाच-सहा जुन्या क्लासेसनी एकत्र बसून ठरवलं तरी पुरे : पंधरा-सोळाच्या आत मुलांचा पट्टा, अर्धा लाल-अर्धा काळा म्हणा, नाहीतर आणखी कुठला. त्यानंतरची परीक्षा अनोळखी क्लासच्या, आपल्याच वजनाच्या मुलासमोर, पुरेसे राउंड. एकमेकांच्या मुलांची परीक्षा एकमेकांनी घ्यायची म्हणजे घरच्या घरी पास करण्याची सोय राहत नाही. चौकातल्या ‘अडीच वर्षांत’वाल्या बोर्डाला तोंड द्यायचं तर सगळ्यांनी मिळूनच द्यावं लागेल, एकट्याचं ते काम नाही. आणि पालकांनीही प्रवेश घेताना ‘ब्लॅक बेल्ट किती वर्षांत’ याच्याऐवजी ‘तुमच्याकडे सोळा वर्षांच्या वरचे विद्यार्थी किती’ असं विचारून पाहावं. सर जर बोट दाखवून सांगू शकले, हे चार, ते तीन, तर डोळे मिटून मुलाला तिथे घालावं.

ज्या मुलांना पट्टे आधीच दिले गेलेत त्यांच्याकडून ते काढून घ्यायचे नाहीत, त्यांची काही चूक नव्हती. सोळाव्या वर्षी ज्यांना यावंसं वाटेल त्यांनी परत यावं, मोठ्यांची परीक्षा द्यावी, आणि तोच पट्टा पुन्हा बांधून घ्यावा. त्या परीक्षेची फी मात्र क्लासने घेऊ नये. ती एकदा घेऊन झाली आहे.